आमवातात पथ्य करताय? आधी हा क्रम नीट बघून घ्या

सोमवारी गहू बंद, मंगळवारी दूध बंद, बुधवारी नणंदेने पाठवलेला काढा सुरू, आणि रविवारी मेथोट्रेक्झेटची, म्हणजे आमवाताच्या मुख्य औषधाची, गोळी "आता पथ्य चालूय ना, या वेळी राहू दे" म्हणून डब्यातच. तीन आठवड्यांनी बोटं सुजतात, आणि ती गोळी चुकल्यामुळे सुजली, काढ्याने सुजली की आजारच आपल्या चालीने वाढला, हे मग डॉक्टरलाही सांगता येत नाही. मला २०१३ पासून आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आहे. यातल्या बऱ्याच चुका मी केल्यात, बाकीच्या जवळच्या माणसांना करताना पाहिल्यात, आणि दर वेळी कारण एकच निघतं: चार गोष्टी एकदम बदलल्या आणि औषधाला हात लावला.

मी डॉक्टर नाही. खाली जे आहे ते पथ्य कुठल्या क्रमाने करायचं एवढंच आहे, औषधाच्या जागी नाही, औषधासोबत. आमवात हा ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा, आजार; तशाच थायरॉईड, ल्यूपस, सोरायसिसवाल्यांनाही क्रम हाच लागू पडतो, जिथे फरक आहे तिथे सांगितलंय.

## १. आपल्या 'वाताचं' नाव काय, ते आधी कळू दे

आपल्याकडे सांधा दुखला की सगळ्याला संधिवात म्हणतात. पण वयोमानाने गुडघ्याची झीज होते तो संधिवात वेगळा, युरिक ॲसिड वाढून अंगठा सुजतो ते वातरक्त म्हणजे गाऊट वेगळं, आणि शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आमवात वेगळा. तिघांचं पथ्य एक नाही. आमवाताच्या कितीतरी बायका डाळी, पालक, मटकी सगळं सोडून बसलेल्या असतात, का तर शेजारच्या काकांना युरिक ॲसिडसाठी कुणीतरी डाळी बंद सांगितल्या होत्या. आमवातात स्नायू आधीच झिजत असतात, त्यात डाळ बंद केली की जिना चढताना मांड्या थरथरतात आणि मग वाटतं आजार वाढला.

रिपोर्टमध्ये काय बघायचं: आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवाताकडे बोट दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), ईएसआर आणि सीआरपी (अंगात सूज किती ते सांगणाऱ्या). नुसता आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवात असं नाही, तो दुसऱ्या कारणांनीही येतो, आणि निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो. आणखी एक, पावसाळ्यानंतर ताप येऊन सांधे धरले असतील तर चिकनगुनिया झाला होता का ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्याचं सांधेदुखणं महिनोन् महिने टिकतं आणि हुबेहूब आमवातासारखं दिसतं.

थांबून तपासा: आजाराचं निदान रुमॅटॉलॉजिस्टने (अशा सांध्यांच्या आजारांचा तज्ज्ञ) किंवा किमान एमडी फिजिशियनने केलंय का? "रिपोर्टवरून वाटतंय" एवढ्यावर पथ्य सुरू करू नका. आमवातात पहिले काही महिने फार मोलाचे असतात, सांध्याचं हाड एकदा झिजलं की ते परत येत नाही, कितीही चांगलं खाल्लं तरी.

## २. चालू औषधांचा कागद बनवा, आणि त्याला हात लावू नका

एका कागदावर सगळ्या गोळ्या, डोस, वार आणि वेळ लिहा. वेदनाशामक गोळ्या, मेडिकलमधून आपणच आणलेल्या, केसांसाठी घेतलेल्या, घरातल्या चूर्णाच्या बाटल्या, सगळं. हा कागद पुढच्या प्रत्येक पायरीत लागणार आहे.

चुका इथे जीवावर बेततात, म्हणून जरा थांबून सांगते.

मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच असते. रोजच्या डबीत रोजच्या गोळ्यांबरोबर ठेवली आणि चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. वार अक्षरात लिहा, "दर रविवारी रात्री", आणि गोळी वेगळ्या डबीत ठेवा. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी म्हणजे "नुसतं व्हिटॅमिन" म्हणून बंद करायची नाही, तोंड येणं, मळमळ, लिव्हरचा त्रास हे तिच्यामुळेच कमी राहतं. दारू बंद. लघवीच्या इन्फेक्शनसाठी कुणी कोट्रायमॉक्सॅझॉल लिहून दिलं तर मेथोट्रेक्झेट चालू आहे हे तिथल्या तिथे सांगायचं, ही जोडी धोक्याची आहे. आणि मूल हवं असेल तर पथ्याच्या आधी डॉक्टरांशी त्याबद्दल बोला, ही गोळी गर्भाला घातक आहे, ती काही महिने आधीच बंद करावी लागते.

स्टेरॉईड, म्हणजे बहुतेकांची प्रेडनिसोलोन, काही आठवडे घेतल्यावर एका दिवसात बंद करायची नाही. बाहेरून स्टेरॉईड मिळत असतं तेव्हा शरीर आपलं स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि अचानक बंद केलं की बीपी पडतं, उलट्या होतात, माणूस कोसळतो. मी एका ओळखीच्यांचं ऐकून पाच दिवस बंद केली होती, सहाव्या दिवशी मला अंथरुणातून उठवायला दोघं लागले. त्या ओळखीच्यांना माझं वाईट करायचं नव्हतं, माहीत नव्हतं एवढंच.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, म्हणजे आमवात-ल्यूपसची आणखी एक गोळी, चालू असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वेळापत्रकाप्रमाणे, गाजरं खाऊन ती टळत नाही.

थांबून तपासा: मेथोट्रेक्झेटवाल्यांचे गेल्या तीन महिन्यांतले सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (लिव्हर), क्रिएटिनिन (किडनी) आहेत का? नसतील तर ते आधी करा. पथ्य किंवा काढा सुरू केल्यावर एसजीपीटी वाढलं, तर आधी किती होतं हे माहीत नसेल तर दोष कुणाचा ते कळणारच नाही.

## ३. गहू सोडायच्या आधी सीलिॲकची टेस्ट

सीलिॲक म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा ऑटोइम्यून आजार. हा क्रम सगळ्यात जास्त चुकतो. "ग्लुटेन बंद केलं आणि बरं वाटतंय" असं म्हणत लोक सहा महिन्यांनी टेस्टला जातात आणि ती निगेटिव्ह येते, कारण गहू बंद असताना टीटीजी-आयजीए, म्हणजे या टेस्टमध्ये मोजलं जाणारं प्रतिद्रव्य, हळूहळू खाली येतं आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह दाखवू शकते. मग खरंच सीलिॲक आहे का हे शोधायला परत किमान ६ आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू खावा लागतो. टेस्ट साधी रक्ताची आहे, टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए, ती गहू चालू असतानाच करून घ्या.

ज्यांना थायरॉईडचा हाशिमोटो किंवा टाईप १ डायबेटिस आहे, सतत रक्त कमी आहे, पोट बिघडतं, त्यांनी तर नक्कीच, कारण ऑटोइम्यून आजार एकट्याने येतोच असं नाही.

टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टरांनी सीलिॲक पक्कं केलं तर खेळच वेगळा. मग आयुष्यभर शंभर टक्के बंद, आणि नुसत्या पोळ्या बंद करून भागत नाही. रवा, शेवया, मैदा, दलिया सगळा गहूच. जव म्हणजे सातू, तोही बंद. बाजारातल्या खड्याच्या किंवा पावडरच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, त्यामुळे फोडणीपासून सुरुवात. मेतकुटात गहू, बऱ्याच घरांच्या थालीपिठाच्या भाजणीत गहू. आणि पिठाची गिरणी: ज्वारी दळायला टाकली आणि तुमच्या आधी कुणाचे गहू दळले असतील तर पहिलं किलोभर पीठ मिसळीचंच. घरघंटी असेल तर तीही फक्त बिनगव्हाची ठेवायची.

टेस्ट निगेटिव्ह असेल तर गहू हा फक्त एक संशयित आहे, त्याची पाळी सातव्या पायरीत.

## ४. दोन आठवडे काहीही न बदलता नुसतं लिहा

याचा कंटाळा येतो, मला माहितीये, आणि नेमकी हीच पायरी लोक उडी मारून पार करतात. पण आत्ता काय चाललंय हे लिहिलेलं नसेल तर पुढे फरक पडला की नाही हे मनाला वाटेल तसं दिसतं. साधी वही चालते. रोज एवढंच:

- सकाळी उठल्यापासून हात मोकळे व्हायला किती मिनिटं लागली
- दुखणं ० ते १० मध्ये किती
- किती सांधे सुजलेत (दुखतात ते वेगळे, सुजलेत ते वेगळे)
- वेदनाशामक किती घेतली
- झोप, पाळीची तारीख, जास्तीचं काम, ताप-सर्दी
- खाल्लं काय, चार शब्दांत

त्याला एक हाताची परीक्षा जोडा. मी रोज सकाळी त्याच एका स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण उघडून बघायचे आणि पूर्ण मूठ वळते का ते लिहायचे. दुखण्याचा आकडा मूडप्रमाणे बदलतो, झाकण बदलत नाही.

पाऊस-दमट हवा, दिवाळीची साफसफाई, लग्नाची धावपळ, राहिलेला डोस, पाळीच्या आधीचे दिवस, यांनीही सांधे उसळतात. हे वहीत नसेल तर दोष आदल्या रात्रीच्या वांग्यावर जातो.

## ५. आधी भरा, मग कमी करा

काही बंद करायच्या आधी शरीरात काय कमी आहे ते बघायचं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, व्हिटॅमिन डी, आणि थायरॉईडसाठी टीएसएच.

फेरिटिन वाचताना एक अडचण आहे. सूज चालू असताना फेरिटिन आपोआप वाढतं, म्हणजे लोह कमी असूनही आकडा ठीक दिसू शकतो, म्हणून ते सीआरपीच्या शेजारी ठेवून डॉक्टरांकडून वाचून घ्यायचं. लोहाची गोळी किंवा पालेभाजी-भाकरीचं जेवण आणि चहा यात तास-दीड तासाचं अंतर ठेवा, जेवल्या जेवल्या चहा ही आपली सवय लोहाला मारक आहे.

बी१२ शाकाहारी लोकांत सर्रास कमी असतं. फॉलिक ॲसिडमुळे रक्ताचा रिपोर्ट बरा दिसत राहतो आणि आतून नसांना इजा होत राहते, म्हणून मेथोट्रेक्झेटवाल्या शाकाहारींनी बी१२ बघितल्याशिवाय दूध-दही सोडायचं नाही.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी बहुधा आठवड्यातून एक, आठेक आठवडे, अशी दिली जाते. ती रोज घेणारे आणि "बरं वाटतं" म्हणून वर्षभर चालू ठेवणारे दोन्ही मी पाहिलेत. जास्त झाली की रक्तात कॅल्शियम वाढतं, किडनीवर येतं. कोर्स संपला की पुढचं डॉक्टरांना विचारून.

थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. मेथोट्रेक्झेटमुळे केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या बऱ्याच जणी घेतात, त्याने थायरॉईडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, म्हणून रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी त्या बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

## ६. ताट बदला, तीन महिने

अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या आमवातासाठीच्या सूचनांमध्ये व्यायामाची शिफारस ठाम आहे, आहारात फक्त भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीच्या जेवणाची शिफारस आहे, तीही सौम्य शब्दांत, आणि बाकीच्या नाव दिलेल्या डाएट्सच्या आणि सप्लिमेंट्सच्या बाजूने कौल नाही. म्हणजे काय, तर भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, दाणे-बिया, अख्खी धान्यं भरपूर, आणि तळण, मैदा, साखर, प्रक्रिया केलेलं मांस कमी. यासाठी ऑलिव्ह तेल आणि ॲव्होकाडो आणायची गरज नाही.

आपल्या ताटात हे असं बसतं: ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ दोन्ही जेवणांत, एक पालेभाजी आणि एक फळभाजी, काकडी-मुळा-गाजराची कोशिंबीर, जवसाची किंवा तिळाची चटणी, ताक. एक वाटी घट्ट वरणातून साधारण ६-७ ग्रॅम प्रथिनं येतात, एका अंड्यातून ६, म्हणजे दिवसभर नुसत्या एका वाटी आमटीवर भागत नाही. स्टेरॉईडवर असाल तर हाडांसाठी नाचणी, तीळ, दूध-दही हे मुद्दाम.

मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, तळून नाही, तिखलं किंवा कालवण करून. हे तेलकट मासे स्वस्त असतात आणि ओमेगा-३ यातच असतं, पापलेट महाग म्हणून जास्त गुणाचं असं नाही. शाकाहारींना जवस आणि अक्रोड, पण त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं, शरीरात त्याचं माशातल्यासारखं रूपांतर फार थोडं होतं. जवस खाच, पण त्याला माशाच्या तेलाइतकं धरू नका.

फिश ऑइलबद्दल लोक हमखास फसतात ते इथे. आमवातावरच्या अभ्यासांत ज्या डोसला थोडा फायदा दिसला तो रोज साधारण ३ ग्रॅम ईपीए अधिक डीएचए (माशातल्या ओमेगा-३ चे दोन प्रकार) असा आहे, आणि परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागले. डबीवर १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन, मागे बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२० असेल तर एका कॅप्सूलमध्ये कामाचं ३०० च. म्हणजे रोज एक घेऊन "काही फरक पडला नाही" म्हणण्यात अर्थ नाही, आणि दहा घ्यायच्या तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, विशेषतः रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर.

याच तीन महिन्यांत तंबाखू. सिगारेट-बिडीचा आमवाताशी संबंध पक्का आहे, आणि औषधंही धूम्रपान करणाऱ्यांत कमी काम करतात. मिश्री लावणाऱ्या बायका "मी तंबाखू खात नाही" असंच सांगतात, पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हिरड्यांची नासाडी करतो. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाताच्या डॉक्टरकडे जाणं हेही या पथ्याचाच भाग समजा.

थांबून तपासा: तीन महिन्यांनी वही आणि सीआरपी-ईएसआर. वजन नको तेवढं उतरलं असेल तर पुढची पायरी करू नका.

## ७. संशयित एकच, चार आठवडे

आता बंद करून बघायचं. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या, मुलं, आधीच खूप बारीक असलेले, खाण्याशी ज्यांचं नातं पूर्वी बिघडलं होतं असे, आणि इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्यांवर असलेले, यांनी हे घरी करायचं नाही, डाएटिशियन आणि डॉक्टरांसोबतच.

संशयित कसा निवडायचा? वहीतून. जे रोज खाता आणि ज्याच्यानंतर दोन-तीन दिवसांत पुन्हा पुन्हा त्रास लिहिलाय ते. कुणाचं दूध असतं, कुणाचा गहू, कुणाचं काहीच नसतं, आणि काहीच न सापडणं हे अगदी कॉमन आहे. वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची वातूळ म्हणून सरसकट बंद करतात, पण या भाज्यांनी आमवात वाढतो असा भक्कम पुरावा नाही. तुम्हाला संशय असेल तर तुमच्यापुरतं तपासा, पण चौघांना एकदम सोडायचं असेल तर महिनाभर भाजी काय करणार ते आधी ठरवा.

एका वेळी एक. चार आठवडे पूर्ण बंद, "थोडंसं चालतं" असं नाही, नाहीतर चार आठवडे वाया. दूध बंद केलं तर कॅल्शियम आणि बी१२ कुठून येणार ते त्याच दिवशी ठरवायचं. या काळात नवीन औषध, नवीन काढा, नवीन योगा क्लास काहीही सुरू नको.

उपासाबद्दल वेगळं सांगायला हवं. "नवरात्रात नऊ दिवस केले आणि हात मोकळे झाले" हे खूप जणी सांगतात आणि ते खरं असतं. उपासात सूज तात्पुरती कमी होते. नॉर्वेत याच्यावर अभ्यास झाला, १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला, त्यात ७ ते १० दिवसांच्या उपासानंतर ठराविक शाकाहारी आहार देऊन पेशंट्सवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं आणि फायदा दिसला. पण नुसत्या उपासाने आलेला आराम नेहमीचं खाणं सुरू झालं की बहुतेकांचा निघून जातो, म्हणून महिन्यातून तीनदा कडक उपास हा उपाय होत नाही. आणि उपाशीपोटी वेदनाशामक गोळी म्हणजे अल्सरला बोलावणं.

## ८. परत खाऊन बघितल्याशिवाय निकाल नाही

चार आठवड्यांत बरं वाटलं की लोक इथेच थांबतात आणि ती गोष्ट कायमची बंद करून टाकतात. हीच चूक. बरं वाटण्याची दहा कारणं असू शकतात, मेथोट्रेक्झेटचा परिणामच ६ ते १२ आठवड्यांनी दिसायला लागतो, तो नेमका या काळात येऊन बसला असेल.

पहिल्या दिवशी थोडं खा, दुसऱ्या दिवशी नेहमीएवढं, मग पुढचे तीन दिवस ते परत बंद आणि रोज वही. त्रास झाला तर सगळं शांत होईपर्यंत थांबा, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा तसंच करून बघा. दोन्ही वेळा सुजलं तर तो पदार्थ तुमचा शत्रू समजायला हरकत नाही. एकदाच सुजलं तर योगायोग असू शकतो.

मन कसं खेळतं ते बघायचं असेल तर घरच्यांची मदत घ्या. माझ्या सासूबाईंनी ज्वारीच्या भाकरीत काही दिवस गव्हाचं पीठ मिसळलं आणि काही दिवस नाही, कधी ते त्यांनीच कॅलेंडरवर लिहून ठेवलं, मला सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी ताडून बघितलं तर माझ्या वाईट सकाळींचा आणि गव्हाचा काही मेळच नव्हता. दोन वर्षं मी पुरणपोळीला हात लावला नव्हता.

सावधान: ज्या पदार्थाने कधी ओठ सुजलेत, अंगावर पित्त उठलंय, दम लागलाय, तो असा घरी तपासायचा नाही. सीलिॲकवाल्यांनी गहूही नाही.

## ९. काढे, चूर्णं, कॅप्सूल: सगळ्यात शेवटी

हे शेवटी का, तर आधीच्या पायऱ्यांनी काय मिळालं ते स्पष्ट असल्याशिवाय यात पैसे आणि लिव्हर दोन्ही घालू नये.

आयुर्वेद घ्यायचा तर नीट घ्या. २०११ साली कोईमतूरमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ४३ पेशंट, ३६ आठवडे, आयुर्वेदिक उपचार आणि मेथोट्रेक्झेट यांची तुलना, निकाल जवळपास सारखे आले. अभ्यास छोटा आहे, पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे वैद्यांनी प्रत्येक पेशंटला तपासून औषध दिलं आणि सगळं नियमित देखरेखीखाली झालं. मोबाईलवर आलेला काढा म्हणजे हे नाही. बीएएमएस वैद्य बघा, औषधांची नावं लेखी घ्या, त्यात रस किंवा भस्म (धातू-खनिजांपासून केलेली औषधं) आहे का ते थेट विचारा, सुरू करायच्या आधी आणि चार ते सहा आठवड्यांनी एसजीपीटी-क्रिएटिनिन करा, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा कागद दाखवा. धातूंची भीती उगाच नाही: २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

आता नावानिशी.

गुळवेल: "इम्युनिटी वाढवते" म्हणून घेतात, पण आपल्याला वाढवायचीय का ती? २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं, ऑटोइम्यून हेपटायटीससारखं चित्र दिसल्याचं मांडलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती सारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. झाडावरची वेल तोडून काढा करणाऱ्याला हा फरक तरी कुठे ओळखता येणार? ऑटोइम्यून असलेल्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अश्वगंधा: थायरॉईडचे आकडे हलवते, लिव्हरच्या तक्रारीही नोंदलेल्या आहेत.

हळद: स्वयंपाकातली, दुधातली बिनधास्त. मिरीचा अर्क घातलेल्या करक्युमिनच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट, त्यांनी लिव्हरला इजा झालेले पेशंट आहेत.

ज्येष्ठमध: रोजच्या काढ्यात भरपूर असेल तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, स्टेरॉईडसोबत तर जास्तच.

अल्फाल्फा: हा आपला लसूणघास, गुरांना घालतो तोच, पावडर आणि मोड म्हणून आता विकतात. ल्यूपसवाल्यांनी अजिबात नको, त्याने आजार उसळल्याच्या नोंदी आहेत.

बिनलेबलची पुडी: दोन-तीन दिवसांत जादूसारखं दुखणं गेलं, भूक सुटली, महिन्याभरात चेहरा गोल झाला, शुगर वाढली, तर त्यात स्टेरॉईड असण्याचा दाट संशय धरा. आणि इथे परत तीच सूचना: तीही एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

होमिओपॅथीवर ब्रिटनमध्ये आमवाताच्या पेशंट्सवर २०११ साली छापलेला अभ्यास आहे, त्यात फायदा दिसला तो सविस्तर बोलण्या-तपासण्याचा, गोळ्यांचा नाही. घ्यायचंच असेल तर घ्या, पण "आधी ॲलोपॅथी बंद करा" म्हणणाऱ्याकडे नाही.

शेक-मालिश: गरम, लाल, सुजलेल्या सांध्याला तेल लावून रगडायचं नाही. वैद्यही आमवातात तेलाऐवजी वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक देतात, तोही सोसेल इतकाच. विरेचन, म्हणजे जुलाब देऊन पोट साफ करण्याचा आयुर्वेदिक उपचार, घेणार असाल तर मेथोट्रेक्झेट देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवा, जुलाबांनी पाणी कमी होऊन किडनीवर ताण आला की ती गोळी अंगात साठते.

लगेच डॉक्टर: डोळे-लघवी पिवळी, तोंडात फोड, न उतरणारा ताप, कोरडा खोकला आणि दम, शौचाला काळं होणं, किंवा एकच सांधा अचानक लालबुंद. काढा-कॅप्सूल त्या क्षणी बंद. मेथोट्रेक्झेटचा डोस त्या दिवशी असेल तर घ्यायच्या आधी फोन.

## १०. गोळ्या कमी करायची बोलणी

सगळं पथ्य शेवटी याच आशेवर चाललेलं असतं, तेव्हा हे उघड बोलूया. वही, औषधांचा कागद आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा. साधारण क्रम असा असतो की आधी वेदनाशामक कमी होतात, मग स्टेरॉईड हळूहळू, आणि मूळ औषध अगदी शेवटी, तेही किमान ६ महिने आजार शांत राहिल्यावर, आणि तेव्हाही एकदम बंद न करता थोडं थोडं. माझी स्टेरॉईड सुटायला चौदा महिने लागले, मेथोट्रेक्झेट अजून आहे, आधीपेक्षा कमी.

डोस कमी झाला की पुढचे तीन महिने ताटात कुठलाही नवीन बदल करायचा नाही आणि चौथ्या पायरीतली वही परत रोज लिहायची, स्टीलच्या डब्याच्या झाकणासकट.